स्वतःच्या झाडाची वकिली करायची नाही

नाताळचं झाड आणायला जायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे दिवाणखान्यातला एक कोपरा रिकामा होतो. खुर्ची सरकते, उभा दिवा दुसऱ्या खोलीत जातो आणि थोरली मोजपट्टी घेऊन स्टुलावर चढते. छत आठ फूट. स्टँडमुळे झाड जेवढं वर उचललं जाणार ते वजा, शेंड्यावरची चांदणी वजा, ती छताला टेकू नये म्हणून चार बोटं वजा. उरतात साडेसहा फूट. हा आकडा ती तळहातावर पेनाने लिहून घेते. कागदावर लिहिला तर तो बाबा खिशात घालतात आणि झाडांच्या मळ्यावर पोचल्यावर नेमका तोच खिसा त्यांना सापडत नाही, असं तिचं म्हणणं.

उंची सगळेच मोजतात, पसारा कुणी मोजत नाही, आणि घोटाळा तिथे होतो. कातरून आकार दिलेल्या साडेसहा फुटी झाडाच्या खालच्या फांद्या आडव्या चार-साडेचार फूट सहज पसरतात. म्हणून धाकटा जमिनीवर सुतळीचा तेवढा गोल मांडतो आणि आम्ही सगळे त्याला वळसा घालून चालून बघतो. स्वयंपाकघरात जाता येतं का? दार पुरतं उघडतं का? सासूबाईंना खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाता येतं का? शेगडी किंवा गरम हवेची झडप जवळ असेल तर गोल तिथून उचलून लांब न्यायचा, कारण त्या हवेने झाड डोळ्यांदेखत वाळतं.

हे सगळं घरीच उरकून निघायचं, कारण मोकळ्या आकाशाखाली डोळा फसतो. मळ्यावर जे झाड बुटकं आणि बिचारं वाटतं, ते घरात छताला घासतं. नवऱ्याने यावर एक सोपा उपाय काढला आहे. त्याने हात सरळ वर केला की त्याचं मनगट जमिनीपासून बरोबर साडेसहा फुटांवर येतं. त्यामुळे मळ्यावर तो दिवसभर प्रत्येक झाडापाशी हात वर करून उभा राहतो. नवख्या माणसाला वाटावं, हा कुणाला तरी हाक मारतोय.

गाडीत धाकट्याचे प्रश्न सुरू होतात. ही झाडं आणायची प्रथा कुणी काढली, कधी काढली, का काढली. थोरलीने शाळेसाठी यावर काहीतरी लिहिलं होतं, त्यामुळे उत्तरं तिच्याकडेच. घरात अख्खं झाड उभं करायची ही रीत जर्मन भाषकांच्या मुलखातली. १६०५ मध्ये स्ट्रासबुर्गमधल्या एका प्रवाशाने लिहून ठेवलंय की तिथले लोक नाताळात खोलीत फरची, म्हणजे सुईसारख्या पानांची, झाडं उभी करतात आणि त्यांना रंगीत कागदाचे गुलाब आणि सफरचंदं टांगतात. इंग्लंडात ही गोष्ट राजघराण्यात आधीच पोचली होती, पण घरोघरी गेली ती १८४८ नंतर. त्या वर्षी तिथल्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणी, तिचा नवरा अल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी असलेलं चित्र छापून आलं.

"म्हणजे एका चित्रामुळे?" सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या. "लोक तेव्हाही तसेच होते म्हणायचे."

विजेचे दिवे आले १८८२ मध्ये. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे ८० बल्ब लावले. त्याआधी फांद्यांवर खऱ्या मेणबत्त्या पेटवायचे आणि शेजारी पाण्याची बादली ठेवायचे. बादलीचा तपशील धाकट्याला सगळ्यात जास्त आवडला.

मळ्याचं म्हणाल तर ती त्यामानाने अलीकडची गोष्ट. आधी झाडं जंगलातून तोडून यायची. १८५१ मध्ये मार्क कार नावाच्या माणसाने कॅट्सकिल डोंगरातून बैलांच्या दोन घसरगाड्या भरून झाडं न्यूयॉर्कच्या बाजारात आणली आणि ती बघता बघता संपली. जंगल असंच किती पुरणार? विकण्यासाठी मुद्दाम लागवड करायचं लोकांनी मनावर घेतलं ते विसाव्या शतकात. आता मळ्यावर एक झाड कापलं की पुढच्या हंगामात त्याच्या आसपास एक ते तीन रोपं लागतात.

हे ऐकेपर्यंत आम्ही पोचलेलो असतो.

मळेवाला आम्हाला एक धनुष्यासारखी करवत, एक ताडपत्रीचा तुकडा आणि खुणा केलेली एक काठी देतो. काठी उंची मोजायला. ती नवरा घेत नाही, त्याला त्याचं मनगट पुरतं. मग मुलं ओळखपरेड करतात. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने हातात फांदी द्यायची आणि झाड ओळखायचं. हा खेळ मला फार आवडतो, आणि खरं सांगायचं तर झाड निवडायला लागणारं निम्मं ज्ञान त्यातच येतं.

सुया जुडीने येत असतील तर पाइन. स्कॉट्स पाइनच्या जुडीत दोन सुया असतात, पांढऱ्या पाइनच्या पाच. सुटी सुई बोटांच्या चिमटीत धरून फिरवायची. ती गरगर फिरली तर स्प्रूस, कारण त्याची सुई चौकोनी असते. फिरायला तयार नसेल, चपटी लागत असेल, तर फर. स्प्रूसची सुई गळली की फांदीवर बारीक खुंटी राहते, म्हणून उघडी फांदी हाताला खरबरीत लागते. फरच्या सुईमागे फक्त एक गोल, सपाट वण राहतो. डग्लस फर मात्र फसवतो. त्याची सुई मऊ आणि चपटी असते, पण तो खरा फर नव्हेच. त्याच्या फांदीच्या टोकाला लांब, टोकदार तपकिरी कळी असते. ती बोटाला टोचली की डोळे न उघडता सांगता येतं. शिवाय त्याची सुई चुरगळली की लिंबाच्या जातीचा वास येतो.

शंकूंवरूनही, म्हणजे या झाडांच्या बिया धरणाऱ्या खवलेदार बोंडांवरूनही, कळतं. फरचे शंकू फांदीवर उभे असतात आणि पिकले की झाडावरच त्यांचा पाकळी पाकळीने भुगा होतो. त्यामुळे जमिनीवर अख्खा शंकू मिळाला तर तो फरचा असत नाही. धाकटा दरवेळी खिसे भरून शंकू गोळा करतो आणि दरवेळी थोरली त्याला सांगते की यातला एकही फरचा नाही. तो म्हणतो, मग फरचं नुकसान.

बाल्सम फरच्या सालीवर राळेचे बारीक फोड असतात. नखाने दाबला की पुटकन फुटतो आणि हात दिवसभर घमघमतो. हीच राळ वाळली की काचेइतकी पारदर्शक होते, म्हणून भिंगं एकमेकांना चिकटवायला आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या तयार करायला ती पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. सासूबाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. कॅनडा बाल्सम म्हणून एक बाटली त्यांच्या प्रयोगशाळेच्या कपाटात असायची, ती या झाडातून येते हे त्यांना मळ्यावर कळलं. तेव्हापासून बाल्समच्या रांगेत त्या जरा जास्त वेळ रेंगाळतात.

मळेवाल्याचं लाडकं झाड फ्रेझर फर. सुयांच्या पाठीला चंदेरी झाक, फांद्या ताठ, आणि कापल्यावर आठवडेच्या आठवडे सुया न गाळणारं. मूळचं हे अमेरिकेतल्या दक्षिण ॲपलेशियन पर्वताच्या अगदी माथ्यावरचं. गंमत अशी की मळ्यांवर हे झाड लाखांनी वाढतं आणि त्याच्या स्वतःच्या डोंगरावर मात्र धोक्यात आहे. युरोपातून आलेल्या एका मावावर्गीय किड्याने तिथली मोठी झाडं उभ्याउभ्या वाळवली. युरोपात जो मान नॉर्डमन फरला, तो इकडे अमेरिकेत फ्रेझरला. त्या नॉर्डमनचं बियाणं बरंचसं जॉर्जियाच्या डोंगरातून येतं. माणसं उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढून शंकू खुडतात, आणि त्यातून डेन्मार्कमधले मळे उभे राहतात. हे ऐकल्यावर धाकट्याला झाड निवडण्यापेक्षा शंकू खुडायला जायचं होतं.

आता निवडीबद्दल. पूर्वी आमच्याकडे ज्याचा आवाज मोठा त्याचं झाड यायचं. लहान होता तोवर धाकट्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता, हे सांगायला नको. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, त्यांनी एकदा तो तमाशा बघितला आणि घरी येऊन नियम घातले. तेच अजून चालतात.

प्रत्येकाला एक रंगीत फीत मिळते. ती घेऊन प्रत्येकाने एकट्याने हिंडायचं आणि आपल्याला आवडलेल्या झाडाला बांधून परत यायचं. मग चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल, त्याच्या झाडाची बाजू आपण मांडायची. स्वतःच्या झाडाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. प्रत्येकाला अख्ख्या दिवसात एक नकार मिळतो, पण त्याला कारण लागतं. 'आवडलं नाही' हे कारण धरलं जात नाही. उरलेल्या झाडांवर मतदान.

ऐकायला हे जरा शाळेतलं वाटतं, आणि शाळेतच तयार झालेलं आहे. पण त्याने एक गोष्ट होते. दुसऱ्याच्या झाडाची बाजू मांडायची म्हणजे त्याला ते का आवडलं असेल याचा शोध घ्यावा लागतो. झाडाभोवती तीनदा फिरावं लागतं. आणि तेवढं फिरल्यावर ते झाड आपल्यालाही थोडंसं आवडायला लागतं. मग भांडायचं तरी कशासाठी?

या वेळी नवऱ्याची निळी फीत एका अप्रतिम फ्रेझरवर होती. खालपासून शेंड्यापर्यंत शंकूचा आकार, कुठेही भोक नाही, कुठेही फांदी बाहेर नाही. वकील धाकटा.

"हे झाड..." तो म्हणाला आणि थांबला. "हे झाड चित्रातल्यासारखं आहे. बास."

"अजून काही?" सासूबाई.

"बाबांना ते आवडलं कारण त्यात काही चुकलेलं नाही."

हे ऐकून नवरा हसला, पण मला ते पटलं. इतकं नेटकं झाड आपोआप वाढत नाही. मळेवाला दर उन्हाळ्यात लांब सुरीने प्रत्येक झाड चारी बाजूंनी छाटतो. छाटलं की फांदीला आतून नवे फुटवे येतात आणि झाड गच्च होतं. माझ्या मते अशा फार गच्च झाडावर काही टांगताच येत नाही. गोळे फांदीवर लोंबत नाहीत, नुसते पृष्ठभागावर पडून राहतात. हे मत मी तोंडातच ठेवलं, कारण नियम.

माझी स्वतःची फीत नॉर्वे स्प्रूसवर होती. गडद हिरवा, फांद्यांची टोकं किंचित लवलेली, बघूनच थंडी वाजावी असं झाड. दर वर्षी ऑस्लोहून लंडनच्या ट्रफाल्गर चौकात येतं ते याच जातीचं. दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीची आठवण म्हणून १९४७ पासून नॉर्वे ते पाठवतं. माझी बाजू मांडायला नवरा मिळाला. त्याने सुरुवात बरी केली, मग म्हणाला, "ट्रफाल्गर चौकात छान दिसतं, कारण तिथे हीटर नाही. घरात आणलं की आठवड्यात सुया खाली."

"तू वकील आहेस की साक्षीदार?" सासूबाईंनी विचारलं. "बाजू मांड."

त्याला काही सुचेना. आणि तसंही, तो जे म्हणाला ते खरंच होतं. उबदार खोलीत स्प्रूस लवकर गळतो. थोरलीने आपला नकार तिथेच वापरला. कारण म्हणून तिने नवऱ्याचंच वाक्य पुन्हा म्हटलं. मला वाईट वाटलं का? वाटलं.

धाकट्याने पिवळी फीत बांधली होती एका स्कॉट्स पाइनला. बुंधा जमिनीपासून फूटभर सरळ, मग एकदम बाजूला कलून पुन्हा वर. आत एक रिकामं घरटं. वकील मी. घरट्यावर मी बरंच बोलले. पाइनच्या फांद्या ताठ असतात, जड वस्तू पेलतात, सुया वाळल्या तरी बऱ्याच दिवस चिकटून राहतात, हेही सांगितलं. धाकट्याचा चेहरा उजळला. पण नवऱ्याने ताडपत्री टाकली, आडवा होऊन बुंधा खालून बघितला आणि नकार दिला. कारण स्टँड. झाडाचा खालचा हातभर भाग सरळ असावा लागतो, आणि त्याच्या वरचा भार त्याच रेषेत यावा लागतो. वरचा भार एका अंगाला गेला की स्टँडचे स्क्रू कितीही आवळले तरी रात्री कधीतरी झाड आडवं होतं. घरटं इथेच राहू दे, ते झाडातच शोभतं, असं सासूबाईंनी धाकट्याला समजावलं. त्याने पाच मिनिटं कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं आणि दोन मिनिटांत मोडलं.

उरला माझा नकार. तो मी नवऱ्याच्या अप्रतिम झाडावर खर्च केला. कारण चोख होतं. थोरलीने काठी लावली तेव्हा झाड सव्वासात फूट भरलं.

"मनगटाच्या खाली होतं," नवरा म्हणाला.

"तू उतारावर वरच्या बाजूला उभा होतास," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष असतं.

आता राहिली दोन. थोरलीची लाल फीत एका सडपातळ बाल्समवर होती. फांद्यांचे थर सुटे सुटे, मधून पलीकडचं दिसेल इतके. तिची बाजू सासूबाईंनी मांडली. त्यांनी सांगितलं की मोकळ्या थरांमध्ये वस्तू सरळ लोंबतात, दिव्यांची माळ खोडापर्यंत आत नेता येते, आणि आतून प्रकाश बाहेर आला की झाडाला खोली येते. शिवाय वास. त्या वासावर बोलायला लागल्या की थांबत नाहीत, ते बाटलीचं प्रकरण आहे.

आणि सासूबाईंची हिरवी फीत होती रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या एका फ्रेझरवर. तीन बाजूंनी भरलेला, चौथी बाजू जवळजवळ उघडी. शेजारचं झाड फार जवळ वाढलेलं, त्याच्या सावलीत या बाजूच्या फांद्या खुरटल्या होत्या. येणारे जाणारे लोक आधी पुढून बघत, खूश होत, मग मागे जात आणि पुढच्या झाडाकडे वळत. वकील थोरली.

तिने आधी काही बोललंच नाही. मोजपट्टी काढली आणि उघड्या बाजूपासून समोरच्या टोकापर्यंत अंतर मोजलं. सव्वातीन फूट.

"सुतळीचा गोल साडेचार फुटांचा होता," ती म्हणाली. "हे झाड भिंतीला पाठ लावून उभं राहील. आजीची वाट मोकळी राहील. खिडकी पण पुरती उघडेल. आणि जी बाजू भिंतीकडे असणार, तिच्यावर फांद्या असून उपयोग काय? त्या नुसत्या दबणार."

मग तिने शेंडा दाखवला. एकच सरळ शेंडा. काही झाडांना दोन शेंडे फुटतात, आणि लहानपणीच एक कापला नाही तर चांदणी लावायला जागा उरत नाही. तिने बुंधा दाखवला, सरळ होता. आतल्या बाजूच्या तपकिरी सुया दाखवल्या आणि आम्ही विचारायच्या आत सांगितलं की हा रोग नव्हे. फर आपल्या जुन्या सुया शरद ऋतूत आतून टाकतोच. टोकाकडच्या सुया हिरव्या आहेत ना, त्या ओढून हातात येत नाहीत ना, ते बघायचं. तिने फांदी मुठीत धरून टोकाकडे हात ओढला. मूठ उघडली, रिकामी.

मतदानात हिरवी फीत तीन विरुद्ध दोन अशी जिंकली. तिसरं मत थोरलीचं होतं. तिने स्वतःच्या बाल्समच्या विरोधात मत दिलं आणि विचारल्यावर म्हणाली, "माझं भाषण मलाच पटलं." बाल्समला मत देणाऱ्यांत सासूबाई होत्या.

कापण्याआधी फांद्यांच्या आत हात घालून नीट तपासायचं असतं. या वेळी धाकट्याला खोडाजवळच्या एका डहाळीवर इंच-दीड इंचाचा, खाकी रंगाचा, हलका गोळा दिसला. मॅन्टिस नावाच्या त्या किड्याची ही अंडी, पुढचे दोन पाय जोडून बसतो तो. उबेत आणलं की वसंत आला असं समजून ती फुटतात, आणि एका गोळ्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. मारायचं काही कारण नाही, बागेच्या दृष्टीने ते कामाचे किडे. धाकट्याने तेवढी डहाळी कापली आणि पलीकडच्या कुंपणातल्या झुडपात जमिनीपासून वर अडकवली.

मग पैज. झाडाचं वय किती? फरच्या मुख्य फांद्या खोडाभोवती चक्राने येतात आणि साधारण वर्षाला एक चक्र वाढतं. धाकट्याने खालून मोजत आठ सांगितले. नवऱ्याने मोजलंच नाही. मळेवाले सात-आठ वर्षांत झाड विकतात, मग सातच, असं त्याचं गणित. थोरली म्हणाली, खालची एक-दोन चक्रं करवतीसाठी छाटून टाकलेली असतात आणि मळ्यात लावण्याआधी रोप वाफ्यात काही वर्षं काढतं. ती धरून बारा. मी नऊ म्हटलं, सासूबाई दहा. मळेवाल्याने सांगायला नकार दिला. घरी बुंध्याची चकती कापाल ना, तेव्हा वलयं मोजा, म्हणाला. ज्याचा अंदाज सर्वांत लांब पडेल त्याने झाड निघेपर्यंत रोज पाणी घालायचं, असं ठरलं.

कापणं हे दोघांचं काम. एकाने ताडपत्रीवर आडवं होऊन जमिनीलगत करवत चालवायची, दुसऱ्याने उभं राहून झाड किंचित पलीकडे कलतं ठेवायचं, म्हणजे काप उघडा राहतो आणि पातं अडकत नाही. जोरात ढकलायचं नाही, नाहीतर शेवटी साल सोलवटून निघते. नवरा खाली, थोरली वर. धाकटा सूचना देत होता. झाड कोसळलं म्हणावं इतका आवाज होत नाही, नुसतं सुस्कारा टाकून कलंडतं.

गोठ्याजवळ एक हलवायचं यंत्र असतं. त्यात बुंधा अडकवला की झाड गदागदा हलतं आणि सुटलेल्या सुया, किडे, सगळं खाली पडतं. मग जाळीच्या नळकांड्यातून ओढून काढलं की साडेसहा फुटी झाड एका माणसाने खांद्यावर घ्यावं इतकं बारीक होतं. गाडीच्या टपावर बुंधा पुढे आणि शेंडा मागे ठेवायचा. उलट ठेवलं तर वारा फांद्या उलट्या पिंजत नेतो. वर चादर घातली की आणखी चांगलं, वाऱ्याने सुया वाळत नाहीत.

घरी आल्या आल्या पहिलं काम, बुंध्याची इंचभर जाडीची चकती कापून काढणं. कापलेल्या जागी राळ साखळून पाण्याची वाट बंद करते, म्हणून काही तास गेले असतील तर नवा काप हवा. तो सरळ घ्यायचा, तिरका नाही. स्टँडमध्ये बुंधा बसत नाही म्हणून काही लोक बाजूने साल तासतात, ते करू नये. पाणी वर चढतं ते सालीलगतच्या लाकडातून. बुंध्याच्या प्रत्येक इंच जाडीमागे स्टँडमध्ये साधारण एक लिटर पाणी मावलं पाहिजे. आमचा बुंधा चार इंच, म्हणजे चार लिटर. साखर, ॲस्पिरिन, कुणी काय काय सांगतं. साधं नळाचं पाणी पुरतं, फक्त काप कधीही पाण्याबाहेर उघडा पडता कामा नये. जाळी कापली की फांद्या लगेच पसरत नाहीत, रात्रभर हळूहळू खाली येतात, त्यामुळे सजवायची घाई त्याच दिवशी करण्यात अर्थ नसतो.

चकती मात्र त्याच दिवशी टेबलावर आली. सासूबाईंनी भिंग काढलं, ओल्या कापडाने चकती पुसली आणि टाचणी घेऊन एकेक वलय मोजायला लागल्या. बाहेरची वलयं रुंद, मधली इतकी दाट की टाचणी घसरत होती. धाकट्याने मधेच दोनदा आकडा चुकवायचा प्रयत्न केला. अकरा भरली. थोरली आणि सासूबाई दोघी एकेक वलयाने हुकल्या. नवऱ्याचे सात सर्वांत लांब.

"मधली वलयं धरायचीच का?" त्याने विचारलं. "ती तर वाफ्यातली आहेत."

कुणी उत्तर दिलं नाही. थोरलीने त्याच्या हातात तांब्या दिला. तो पोटावर सरकत फांद्यांखाली गेला, स्टँडचा काठ चाचपडत पहिला तांब्या ओतला आणि केसांना राळ लागली म्हणून ओरडला. राळ पाण्याने जात नाही, गोडं तेल लागतं, हे त्याला सासूबाईंनी खुर्चीतूनच सांगितलं. नव्याने कापलेलं झाड पहिल्या दिवशी तीन-चार लिटर पाणी सहज पिऊन टाकतं. तासाभराने धाकट्याने आत बॅटरी मारून बघितलं.

"बाबा, अर्धं संपलं!"